सोळावा वाटा

सोमवारी सकाळी अकरा नंबरच्या पिशवीतला डिंक खलात ओतताना महिपतीच्या बोटाला काहीतरी टोचले. रक्त आले नाही. टोचल्याची जाणीव तेवढी झाली, आणि तीही जरा उशिरा, दुसऱ्याच कुणाच्या बोटाकडून निरोप यावा तशी. तो हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा होता, पेराएवढा. तीन दिवसांपूर्वी चार नंबरच्या पिशवीतूनही असाच एक तुकडा निघाला होता आणि प्रयोगशाळेत काहीच टाकायचे नाही या सवयीने त्याने तो खणात ठेवला होता. आता तो काढून त्याने दोन्ही तुकडे काचेच्या बशीत शेजारी ठेवले आणि चिमट्याने हळूच एकमेकांकडे सरकवले. कड कडेला लागली. ओतताना काचेत हवेचा बुडबुडा राहिला होता. त्याची एक बाजू या तुकड्यात होती, दुसरी त्या तुकड्यात, आणि आता तो बुडबुडा पुरा झाला. चार नंबरचे झाड वाडीच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी होते, अकरा नंबरचे तिथून सहा मैल वर, घाटाच्या कातळाला. एकाच बांगडीने सहा मैलांवरच्या दोन झाडांखाली फुटावे अशी सोय कोणत्याही शास्त्रात नाही. महिपतीने हात धुतले, डिंक कुटला, सौम्य क्षारात विरघळवला, काचेच्या नळीत भरला, आणि द्रव वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर पाहिले. एकशे बारा सेकंद आणि दोन पंचमांश. नेहमीप्रमाणे.

विद्यापीठाने हे संशोधन केंद्र पाच वर्षांपूर्वी एका गिरणीमालकाच्या देणगीतून, त्याच्या मातोश्रींच्या नावाने उघडले होते. दारावर संगमरवरात मातोश्री होत्या आणि आत द्रावणातल्या महारेणूंचा अभ्यास चाले. दोहोंचा संबंध इतकाच की केंद्रातल्या कुणीही या दोघांपैकी कुणालाच पाहिले नव्हते. मीठ पाण्यात पडले की सुटे होते आणि पाणी पाण्यासारखेच वाहत राहते. डिंक पडला की पाणी जड होते, रेंगाळते. का रेंगाळते, यावर जर्मनीत दोन पक्ष पडले होते. एक म्हणे, ही झुंड आहे. लहान लहान रेणू एकमेकांना बिलगून बसतात आणि आपल्याला थोर वाटतात. दुसरा म्हणे, झुंडबिंड काही नाही. हा एकच रेणू आहे, हजारो दुव्यांची एकच अखंड साखळी, आणि साखळी जितकी लांब तितका द्रव सावकाश उतरतो. केंद्राचे संचालक डॉक्टर पोतनीस दुसऱ्या पक्षाचे होते. केवळ पक्षात असून भागत नाही, पुरावा लागतो. आणि तो पुरावा महिपतीने आणला होता. पोलादपूरच्या डोंगरातली कांडोळाची पंधरा झाडे, प्रत्येकाला पत्र्याचा नंबर ठोकलेला, प्रत्येकाचा डिंक वेगळ्या पिशवीत. सलग तीन वर्षे पंधराही पिशव्यांची वेळ एकच, पंचमांश सेकंदाच्या फरकाने. उन्हातले झाड, सावलीतले झाड, म्हातारे झाड, कोवळे झाड, सगळ्यांची साखळी एकाच लांबीची. झुंड असती तर ती जागोजाग कमीजास्त झाली असती. निसर्ग मोजून कापतो, असे पोतनीसांनी निबंधात लिहिले होते, आणि त्या आकड्याला ते चहाच्या वेळी, अर्धवट थट्टेने आणि पूर्ण अभिमानाने, पोलादपूरचा स्थिरांक म्हणत. निबंधावर दुसरे नाव महिपतीचे होते. त्याच निबंधावर त्याची पदवी होती, पदवीवर नोकरी होती, आणि डोंगरातल्या कुणब्याच्या पोराला विज्ञान जमते की नाही या प्रश्नाचे, जो कुणी तोंडाने विचारत नव्हते, उत्तरही त्यावरच होते.

"उतेकर, दुसरी खेप आणायला तुम्ही स्वतः जाता आहात ते बरं," पोतनीस म्हणाले. ते पाकिटावर लाख लावण्यासाठी मेणबत्ती शोधत होते. "तिकडचे लोक प्रामाणिक. निबंधाच्या शेवटी मी त्यांचे आभार मानलेत. 'निरक्षर पण विश्वासू' असं लिहिलंय."

"निबंध जाणार कधी?"

"शनिवारच्या विलायती टपालानं. का? काही राहिलंय?"

बांगडीचे दोन तुकडे महिपतीच्या कोटाच्या खिशात आगपेटीत होते. "नाही," तो म्हणाला. हा नकार त्याने ठरवून दिला नव्हता. नळीतून द्रव उतरावा तसा तो उतरला.

बाणकोटपर्यंत आगबोट, तिथून सावित्रीच्या खाडीतून वर लाँच. भरतीच्या वेळेवर सगळे अवलंबून, आणि भरती कुणाच्या निबंधाची वाट पाहत नाही. दासगावच्या धक्क्यावर पाटीवाल्या बाया उतरल्या, मुंबईहून सुटीवर आलेला एक गिरणीकामगार कुणाला तरी 'टाइम काय झाला' म्हणून ओरडून विचारत राहिला, आणि महिपतीला काहीच वाटले नाही. पलीकडे सव गाव दिसले. लहानपणी आईने त्याला खरजेसाठी तिथल्या उन्हाळ्यावर, गरम पाण्याच्या झऱ्यावर, नेले होते. गंधकाच्या वासाचे ते पाणी पौषातही कढत आणि वैशाखातही तितकेच कढत. आई म्हणाली होती, देवाच्या चुलीला लाकूड लागत नाय. प्रयोगशाळेत तीस अंशांवर धरून ठेवलेल्या पाण्याच्या टाकीत हात घालताना त्याला पहिल्यांदा ते आठवले होते, आणि आपल्या आयुष्यात सुसंगती आहे असा एक लहानसा, लाजिरवाणा आनंद त्याला झाला होता. आता त्या आनंदाची जागा चाचपून पाहिली तर तिथे सुन्नपणा होता, दात काढल्यावर हिरडीला असतो तसा. महाडला मोटार सुटायला तास होता. तो तळ्यावरून चालत गेला. नऊ वर्षांपूर्वी तो इथे इंग्रजी शाळेत शिकत असताना, ज्यांना या तळ्यावर मज्जाव होता अशी माणसे हजारोंनी आली आणि ओंजळीने पाणी प्याली. मग गावाने पाणी बाटले म्हणून एकशे आठ घागरी शेण, मूत्र, दूध, दही घालून तळे शुद्ध करून घेतले. पुढे बी. एस्सी.ला असताना एका कंटाळवाण्या दुपारी त्याने त्या मिश्रणाचे तळ्यातले प्रमाण काढले होते. उत्तर इतके बारीक आले की जगातल्या कोणत्याही नळीला त्याचा सुगावा लागला नसता. हजारो ओंजळींनी पाण्यात काय घातले याचेही उत्तर त्याने काढले होते. ते शून्य होते. या दोन नगण्यांमधल्या फरकाचा निवाडा करीत शहाणी माणसे नऊ वर्षे कोर्टात बसली होती. गणित चोख होते. गणितात एवढेच आले नव्हते की घागरी ओतल्या जात होत्या तेव्हा सोळा वर्षांचा महिपती पायऱ्यांच्या वर उभा होता, आणि कुणी ओळखीचे दिसले तेव्हा त्याने पाण्याकडे पाठ केली होती.

पोलादपूरला मोटारीतून उतरून वाडीपर्यंत चढायला त्याला अडीच तास लागले. वाडी सोळा घरांची. त्याचे घर आता बंद, बाकी पंधरांकडे एकेक झाड सोपवलेले. वडील कोंडाजी तीन वर्षांपूर्वी गेले, आई त्याआधीच. तो गोमाजीच्या अंगणात जाऊन बसला. गोमाजी सत्तरीचा होता, वाडीचा वाटे घालणारा. बातमी फिरली आणि बायामाणसे जमली. नऊ नंबरचे झाड ज्या राहीबाईच्या नावावर दिले होते ती विधवा राहीबाईही येऊन खांबाला टेकली.

"सायेब झाला पोर," गोमाजी म्हणाला. "बूट बघा."

"बूट राहू दे, पोटाला खातोस का नाय?" राहीबाई म्हणाली. "हाडं मोजून घ्यावीत असा झालायस. तिकडं डिंकच खातोस का रे?"

हशा झाला. महिपतीने आगपेटी उघडून तुकडे तळहातावर धरले. त्याला वाटले होते, कुणीतरी दचकेल. भागोजीची सून चंद्रभागा पुढे आली, वाकून पाहिले आणि खुद्कन हसली.

"अगो बाई, ही माजीच. ढिगात हात घालताना वाढली. एक तुकडा घावला, दोन काय घावले नाय. तुमच्याकडं गेले व्हय? मुंबई बघून आले की ते."

"कसल्या ढिगात?"

"डिंकाच्या."

"ढीग कुणी केला?"

आता सगळ्यांनी त्याच्याकडे जरा निराळे पाहिले. तापातल्या माणसाने दिवस की रात्र विचारावे तसे. "म्हंजे?" गोमाजी म्हणाला. "रानातनं आलेली वस्तू सहाणीवर येते, ढीग होतो, वाटे पडतात. तू काय परमुलखातला हायस?"

"पण मी पिशव्यांना नंबर दिले होते. प्रत्येक झाडाचा डिंक त्याच्याच पिशवीत..."

"मग भरल्या की नाय पिशव्या? पंधराच्या पंधरा? सारख्या? का कमी भरली एखादी?"

"नाही. सारख्या होत्या." त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. "राहीकाकू, नऊ नंबरच्या झाडाला यंदा डिंक किती आला?"

राहीबाईने पदर सारखा केला. चेष्टा मावळली आणि तिचा चेहरा घरातले उणे बाहेर निघाल्यासारखा झाला. गोमाजीच बोलला, हलक्या आवाजात. "ते झाड वठलं रे. दोन सालं झाली. म्हणून काय तिनं रिकामी पिशवी धाडायची तुज्या सायबाला? तुजा बाप होता तवा असं कधी झालं?"

तर मेलेल्या झाडाचा रेणूही तितकाच लांब निघाला होता. एकशे बारा सेकंद आणि दोन पंचमांश. महिपतीला हसू यायला हवे होते. ते आले नाही. त्याऐवजी तोंडात कांडोळाच्या डिंकाची ती आंबूस चव आली, जी तीन वर्षे त्याच्या कपड्यांना, जेवणाला, पुस्तकांना होती. जर्मनीतले दोन पक्ष, विद्यापीठाचे केंद्र, संगमरवरातल्या मातोश्री, सगळे एका अंगणात येऊन बसले होते आणि एक विधवा त्यांच्यापासून आपले वठलेले झाड लपवत होती. पोतनीसांच्या निबंधात निसर्ग मोजून कापत होता. इथे मोजणारा गोमाजी होता, आणि त्याच्या मोजण्यात पंचमांश सेकंदाची चूक नव्हती. बेचाळीस पानांच्या निबंधाने जे सिद्ध झाले होते ते एवढेच की या वाडीत अन्याय होत नाही. आणि तेही पुरते खरे नव्हते, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

कारण तो विसरला होता असे नव्हते. जिना उतरताना पायरी आठवावी लागत नाही तशी ही गोष्ट त्याच्यात होती, म्हणूनच त्याने तिच्याकडे पाहिले नव्हते. रानडुक्कर पडले की ते सहाणीवर, वाडीच्या मधल्या सपाट कातळावर, येई. गोमाजी वाटे घाली, हाताने वजन करीत, इथला तुकडा तिथे सरकवीत. मग एका पोराला वाट्यांकडे पाठ करून उभे करीत. गोमाजी एका वाट्यावर काठी टेकवून विचारी, 'ह्यो कुनाचा?' आणि न पाहता पोराने एका घराचे नाव घ्यायचे. ज्याने पाहिले नाही त्याला दोष लागत नाही. सात वर्षांचा असल्यापासून शाळेसाठी महाडला जाईपर्यंत हे पोर महिपती होता. त्याचा आवाज खणखणीत होता आणि तो कधी नाव विसरत नसे. दोन वाटे मात्र पुकारले जात नसत. खालच्या वस्तीचा वाटा गोमाजीने आधीच काठीने बाजूला सारलेला असे, सहाणीच्या कडेखाली. तिथल्या माणसांना या वाडीत नावे नव्हती. आणि पुकारणाऱ्याने आपले नाव घ्यायचे नाही. सगळे झाल्यावर जे राहील ते त्याचे. पाठ फिरवून उभे राहिले की मानेवर ऊन लागे, रक्ताचा वास येई, मागून काठीचा टक् आवाज, आणि तोंडातून एक नाव निघे. निवडल्यासारखे वाटत नसे. कुठूनतरी येई. त्या न निवडण्याला माणसे न्याय म्हणत, आणि पुढे केंद्रात, नळीसमोर, आकडा आपोआप येण्याची वाट पाहत बसण्याला ती विज्ञान म्हणत. महिपतीने एक सोडून दुसरे धरले आहे असे सगळ्यांना वाटले होते. त्यालाही.

गुरुवारी सकाळी दुसऱ्या खेपेचा डिंक सहाणीवर आला. पंधरा टोपल्या आल्या. राहीबाईची टोपली वरून पाने घालून झाकलेली होती, आणि ती खाली ठेवताना सगळे, कुणी न सांगता, दुसरीकडे पाहू लागले. बाकीच्यांत काही खडे मधासारखे होते, काही धुरकट, काही जवळजवळ काळे. महिपतीला दिसत होते की हे सारखे नाहीत. अजून वेळ होता. एका शब्दावर तो ढीग थांबवू शकत होता: टोपल्या निराळ्या ठेवा. चौदा निघाल्या असत्या, चौदांच्या वेळा चौदा आल्या असत्या, पहिल्यांदाच काहीतरी खरे मोजले गेले असते. आणि एक टोपली सगळ्यांसमोर रिकामी राहिली असती. त्याने तोंड उघडले, पण शब्द निघण्याआधी टोपल्या उपड्या झाल्या आणि ढिगाचे वाटे पडले.

"उभा का रे?" गोमाजी म्हणाला. "पोरांचा आवाज फुटत नाय हल्ली. ये, तूच पुकार. फिर तिकडं."

तो फिरला. समोर उतारावर वैशाखातली कांडोळाची झाडे पानांवाचून पांढरी उभी होती, चुन्याने माखल्यासारखी. मागे काठी टेकली.

"ह्यो कुनाचा?"

"भागोजी," त्याचा आवाज म्हणाला.

"ह्यो?"

"हैबती."

"ह्यो?"

"राहीबाई."

मागून कुणीतरी समाधानाने घसा खाकरला. नावे येत गेली, एकही चुकले नाही, बंद पडलेल्या त्याच्या स्वतःच्या घराचे तेवढे त्याने घेतले नाही. ते कसे वगळले गेले हे त्याला कळलेही नाही. शेवटी तो वळला तेव्हा पंधरा पिशव्या भरल्या होत्या आणि दगडावर एक लहान ढीग उरला होता. "ह्यो तुजा," गोमाजी म्हणाला आणि पंच्यात बांधून त्याच्या हातात दिला. "पुकारणाऱ्याचा. सोळावा."

शुक्रवारी अकराच्या सुमारास तो महाडला पोहोचला. पिशव्या त्याने मोटारीच्या टपावर घातल्या होत्या. सोळावे गाठोडे मांडीवर होते. उतरताना त्याला माहीत नव्हते की आपण तारघरात जाणार आहोत. सगळी वाट त्याने दुसराच विचार केला होता, फार व्यवस्थित, जवळजवळ पोतनीसांच्या भाषेत: मिश्रणाची सरासरीही काहीतरी सांगतेच, शास्त्रात चुका पुढे दुरुस्त होतात, जर्मनीत कुणी पोलादपूरला येऊन बांगड्या जुळवणार नाही. प्रत्येक वाक्य खरे होते. मिठाच्या रेणूंसारखी ती सुटी सुटी खरी होती आणि पाणी जड होत नव्हते. मग वळणावर मोटार हिसका देऊन थांबली आणि गाठोड्यातला डिंक त्याच्या मांडीवर हलला. त्याच्या मनात इतकेच आले की या डिंकाला झाड नाही, तरी आपण याची वेळ आत्ता, नळीवाचून, सांगू शकतो. आणि आपल्याला एखाद्या गोष्टीचा आकडा ती मोजण्याआधी ठाऊक असेल, तर आपण मोजत नाही, पुकारतो.

तारघरात मोने म्हणून कारकून होता. शाळेत महिपतीच्या दोन वर्ग पुढे. त्याने मान वर केली नाही. "फॉर्म तिथं. ठळक अक्षरात. कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग तार कशाला? महाडातून तार करतात ती माणूस मेल्यावर, नाहीतर कोर्टाची तारीख पडल्यावर."

महिपतीने डॉक्टर पोतनीसांचा पत्ता लिहिला. खाली इंग्रजीत लिहिले: पंधराही नमुने एकत्र मिसळलेले, दोन वर्षे नववे झाड मेलेले, आकडा खोटा, निबंध पाठवू नये. कुणी मिसळले ते त्याने लिहिले नाही. अक्षर चांगले आले. काही थरथरावे असे आत उरले नव्हते, आणि ज्याला लोक धैर्य म्हणतात ते हेच असेल तर त्याचा बराच गवगवा झाला आहे, असे त्याला वाटले. मोनेने फॉर्म ओढून घेतला, पेन्सिलीच्या टोकाने एकेक शब्द ठोकत वाचला. टक्, टक्.

"निबंध पाठवू नये," तो स्वतःशी म्हणाला. "म्हणजे परीक्षा बुडाली कुणाची तरी."

"हो."

"आज दुपारपर्यंत पोहोचेल. उद्या टपालाआधी हवी ना? पोहोचेल." पेन्सिल फॉर्मच्या तळाशी गेली आणि पाठवणाऱ्याच्या नावाच्या कोऱ्या जागेवर थांबली. "इथं रिकामं आहे."

महिपती खिडकीकडे तोंड करून उभा होता. बाहेर रस्त्यावर ऊन होते, आणि ते मानेवर लागत नव्हते, डोळ्यांवर येत होते. तो वळला आणि त्याने त्या कोऱ्या जागेकडे पाहिले.

"ही कुणाची?" मोनेने विचारले.

"महिपती कोंडाजी उतेकर," तो म्हणाला.